उपम्यातलं कोकम : पाककलेची स्पर्धा जिंकल्यावर पुढे काय होतं?

जून २०११. अमेरिकेतल्या ब्राव्हो वाहिनीवर 'टॉप शेफ मास्टर्स' या स्पर्धेच्या तिसऱ्या पर्वाचा अंतिम भाग सुरू होता. तीन शेफ उरले होते : मेरी सू मिलिकेन, ट्रेसी दे जार्डां आणि मुंबईत जन्मलेले, मूळचे गोव्याच्या कुटुंबातले फ्लॉइड कार्डोझ. कार्डोझ यांनी परीक्षकांपुढे ठेवला उपमा. रव्याचाच, पण रानातली अळंबी घातलेला आणि कोकम व नारळाच्या दुधात शिजवलेला. अमेरिकी प्रेक्षकाला कळावं म्हणून त्याच्या नावात 'पोलेंटा' हा इटालियन शब्द जोडला होता. त्या रात्री कार्डोझ जिंकले.

कोकम आणि नारळाचं दूध. मालवणात हे दोन शब्द एकत्र उच्चारले की कुणालाही उपमा आठवणार नाही, सोलकढीच आठवेल. सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण, देवगड या पट्ट्यातल्या कुठल्याही घरात जेवणाच्या शेवटी जी वाटी पुढे येते, तिच्यातल्या दोन मुख्य जिनसा एका मोठ्या अमेरिकी स्पर्धेच्या अंतिम फेरीत ताटात होत्या. सिंधुदुर्गात त्याची फारशी चर्चा झाली नाही.

हे आता आठवण्याचं कारण म्हणजे टीव्हीवरच्या स्वयंपाकाच्या स्पर्धांचं वाढतं पीक. २०२५ मध्ये 'सेलिब्रिटी मास्टरशेफ'मध्ये उषा नाडकर्णी, निक्की तांबोळी असे ओळखीचे मराठी चेहरे दिसले. जिंकले अभिनेते गौरव खन्ना. असं पर्व संपलं की किनाऱ्यावर एक चर्चा हमखास होते : आपल्या मालवणी जेवणाला असं व्यासपीठ कधी मिळणार? त्या प्रश्नाच्या आधीचा एक प्रश्न मात्र मागेच राहतो. जो जिंकतो त्याचं पुढे काय होतं, आणि ज्या मातीतला पदार्थ तो रांधतो त्या मातीपर्यंत त्यातलं किती पोहोचतं? कार्डोझ यांचं आयुष्य या दोन्ही प्रश्नांसाठी सगळ्यात उपयोगी उदाहरण आहे, कारण त्यात यश, अपयश आणि परत फिरणं असं सगळंच आहे.

फ्लॉइड कार्डोझ कोण होते?

जन्म १९६० चा, मुंबईतला. शिक्षण सुरू झालं ते बायोकेमिस्ट्रीचं. ऑर्थर हेली यांची 'हॉटेल' ही कादंबरी वाचून त्यांनी प्रयोगशाळा सोडली आणि स्वयंपाकघर धरलं, असं ते स्वतः सांगत. मुंबईत हॉटेलचं शिक्षण, मग स्वित्झर्लंड, आणि १९८८ मध्ये न्यू यॉर्क. तिथे ग्रे कुन्झ या नावाजलेल्या शेफच्या हाताखाली 'लेस्पिनास' या रेस्टॉरंटमध्ये त्यांनी उमेदवारी केली. आशियाई मसाले फ्रेंच पद्धतीच्या स्वयंपाकात कसे बसवायचे, याचे धडे तिथले.

१९९८ मध्ये डॅनी मायर या रेस्टॉरंट उद्योजकाबरोबर त्यांनी मॅनहॅटनमध्ये 'टेबला' सुरू केलं. अमेरिकेत भारतीय रेस्टॉरंट म्हणजे स्वस्तातला बुफे आणि लाल-नारिंगी रस्सा अशी समजूत असलेला तो काळ. 'टेबला'ला 'न्यू यॉर्क टाइम्स'च्या समीक्षेत तीन तारे मिळाले. बारा वर्षं ते चाललं आणि २०१० च्या डिसेंबरअखेरीस बंद झालं. जगभर मंदी होती, आणि एवढं मोठं रेस्टॉरंट चालवणं परवडेनासं झालं होतं.

म्हणजे २०११ च्या जूनमध्ये टीव्हीवर जो माणूस जिंकताना दिसला, त्याचं स्वतःचं रेस्टॉरंट सहा महिन्यांपूर्वी बंद झालेलं होतं. पन्नाशीचा, नावारूपाला आलेला, चार वेळा जेम्स बिअर्ड पुरस्काराचं नामांकन मिळालेला शेफ, आणि तरी हातात स्वतःची चूल नाही. टीव्हीच्या पडद्यावर हा भाग दिसत नाही. तिथे फक्त घड्याळ, घाम आणि टाळ्या दिसतात.

बक्षीस कुणाला मिळालं?

या स्पर्धेचा एक नियम लक्षात घ्यायला हवा. 'टॉप शेफ मास्टर्स'मध्ये उतरणारे शेफ आधीच प्रतिष्ठित असतात आणि ते स्वतःसाठी नव्हे, एखाद्या संस्थेसाठी खेळतात. मुख्य बक्षीस एक लाख डॉलरचं. कार्डोझ यांच्या वडिलांचं निधन कर्करोगानं झालं होतं. त्यांनी जिंकलेली रक्कम न्यू यॉर्कच्या माउंट सिनाय रुग्णालयातल्या तरुण शास्त्रज्ञांच्या कर्करोग संशोधन निधीला गेली. त्यांच्या वाट्याला आलं ते नाव.

आणि नावानं काय केलं? २०१२ मध्ये ते मायर यांच्याच 'नॉर्थ एंड ग्रिल'चे मुख्य शेफ झाले. ते मासे आणि मांस विस्तवावर भाजणारं अमेरिकी रेस्टॉरंट होतं. कोकमाचा उपमा करून जिंकलेल्या माणसाला पुढची मोठी नोकरी मिळाली ती भारतीय स्वयंपाकाची नव्हती, हे जरा थांबून पाहण्यासारखं आहे. त्यानंतर 'व्हाइट स्ट्रीट' नावाचं आणखी एक ठिकाण, तेही फार काळ टिकलं नाही. २०१६ मध्ये त्यांनी न्यू यॉर्कच्या सोहो भागात स्वतःचं 'पाववाला' काढलं. सायकलला टोपली बांधून, भोंगा वाजवत पहाटे पाव विकणाऱ्या माणसाचं नाव न्यू यॉर्कच्या पाटीवर आलं. पण दोन वर्षांत त्याला रूप आणि नाव बदलून 'बॉम्बे ब्रेड बार' व्हावं लागलं, आणि २०१९ मध्ये तेही बंद झालं.

जिंकल्यानंतरच्या आठ वर्षांत न्यू यॉर्कमधली तीन ठिकाणं, आणि त्यातलं एकही त्यांच्या हाती टिकलं नाही. स्पर्धेच्या किताबानं पहिल्या महिन्यात टेबलं भरतात. पुढच्या प्रत्येक महिन्याचं भाडं, पगार आणि मासळीचं बिल किताब भरत नाही. मालवणच्या बाजारपेठेत खानावळ चालवणाऱ्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

टिकलं ते मुंबईतलं काम. २०१५ मध्ये समीर सेठ आणि यश भाणगे यांच्याबरोबर त्यांनी लोअर परळच्या कमला मिल्समध्ये 'द बॉम्बे कँटीन' सुरू केलं, २०१७ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात गोव्याच्या जेवणाचं 'ओ पेद्रो', आणि मार्च २०२० मध्ये भायखळ्याला 'बॉम्बे स्वीट शॉप'. हंगामातली भाजी, प्रदेशातला जिन्नस, घरातला पदार्थ नव्या मांडणीत, हे या सगळ्यांचं सूत्र. त्या मार्चमध्ये ते मुंबईहून अमेरिकेला परतले आणि काही दिवसांत रुग्णालयात दाखल झाले. २५ मार्च २०२० रोजी न्यू जर्सीत कोरोनानं त्यांचं निधन झालं. वय ५९. भारतात टाळेबंदीचा तो पहिला दिवस होता.

घरगुती सुगरण जिंकली तर?

कार्डोझ व्यावसायिक होते. 'मास्टरशेफ इंडिया'चा साचा वेगळा आहे. तिथे नोकरी किंवा संसार सांभाळून रांधणारे लोक येतात. त्यांच्या आयुष्यात किताबाचा धक्का जास्त जोरात बसतो.

पहिल्या पर्वाच्या विजेत्या पंकज भदौरिया लखनौच्या शिक्षिका. शिकवणं सोडून त्या स्पर्धेत उतरल्या, एक कोटी रुपयांचं बक्षीस जिंकल्या, आणि पुढे टीव्हीवरचे कार्यक्रम, पुस्तकं, पाककलेची संस्था अशी वाट त्यांनी काढली. म्हणजे रेस्टॉरंटपेक्षा शिकवण्याकडेच त्या परतल्या, फक्त विषय बदलला. सहाव्या पर्वाचे विजेते ओडिशाचे अबिनास नायक सॉफ्टवेअर क्षेत्रातले. त्यांनी मार्च २०२० च्या पहिल्या दिवशी किताब घेतला आणि तीन आठवड्यांत देशातली सगळी हॉटेलं बंद झाली. नशिबाची अशी थट्टा क्वचितच होते. फूड फूड वाहिनीवर संजीव कपूर आणि माधुरी दीक्षित यांच्या 'महा चॅलेंज'चे विजेते सारांश गोइला यांनी वेगळा मार्ग धरला : काही वर्षांनी एकाच पदार्थावर, बटर चिकनवर, आपला ब्रँड उभा केला. पन्नास पदार्थांचं रेस्टॉरंट काढण्यापेक्षा एका पदार्थाचं दुकान चालवणं सोपं असतं, हे त्यांनी वेळीच ओळखलं.

मालवणच्या दृष्टीनं सगळ्यात जवळचं उदाहरण मात्र याच किनाऱ्यावर, दक्षिणेला आहे. २०२३ च्या पर्वाचा विजेता मोहम्मद आशिक मंगळुरूचा. विशीतला मुलगा, सरबतांचं छोटं दुकान चालवणारा. आधीच्या पर्वात त्याला पुढे जाता आलं नव्हतं; तो पुन्हा आला आणि जिंकला. बांगडा, नारळ, आंबट पाणी, भाजका मसाला हे मंगळुरूलाही आहे आणि मालवणलाही. मालवणच्या किंवा कणकवलीच्या एखाद्या पोरानं हे पाहून 'आपुणय जाव शकतंय' असं म्हटलं, तर त्यात वावगं काही नाही.

मराठी टीव्हीचं मात्र एक वैशिष्ट्य आहे. 'आम्ही सारे खवय्ये'नं गावोगावच्या सुगरणी पडद्यावर आणल्या, पण तिथे कुणी हरत नव्हतं. बाई पदार्थ करायची, सूत्रसंचालक चव घेऊन कौतुक करायचा, संपलं. त्या कार्यक्रमात येऊन गेलेल्या बाईचं आयुष्य बदललं नाही, पण तिला कुणी 'बाद' असंही म्हटलं नाही.

मग कोकमाला काय मिळालं?

टीव्हीवर ताट दिसतं, ताटामागची साखळी दिसत नाही. कोकमाचंच बघा.

सिंधुदुर्गात ज्याला भिरंड म्हणतात आणि रत्नागिरीकडे रातांबा, ते फळ पिकतं एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे आंबा आणि काजूच्या ऐन धांदलीत. मजूर तेव्हा आंब्यावर असतात. झाड उंच, फांद्या खाली लोंबणाऱ्या, फळ नाजूक. मृगाआधीचा पाऊस आला की पिकलेलं फळ झाडाखाली कुजतं, आणि फोडलेली सालं वाळवायला ऊनच उरत नाही. आमसूल, म्हणजे मालवणी माणसाची सोलं, करायची तर साल वेगळी काढून तिच्याच रसात मीठ घालून भिजवायची, वाळवायची, पुन्हा रसात बुडवायची, पुन्हा वाळवायची. असं चार-पाच वेळा झालं की ती काळपट जांभळी, मऊ, तकतकीत होतात. अंगणात हे सगळं बहुतेक बायाच करतात. खारवलेला रस म्हणजे आगळ. बियांपासून निघणारं घट्ट तेल टाचांच्या भेगांना लावतात, आणि तेच 'कोकम बटर' म्हणून सौंदर्यप्रसाधनांच्या कारखान्यात जातं.

लागवडीचीही एक अडचण आहे. कोकमाची झाडं नर आणि मादी अशी वेगळी असतात. बीपासून लावलेलं रोप कोणत्या जातीचं, हे ते फुलावर येईपर्यंत कळत नाही, आणि त्याला सहा-सात वर्षं लागतात. इतकी वर्षं पाणी घातल्यावर नर निघाला तर शेतकरी काय करणार? म्हणून दापोलीच्या कृषी विद्यापीठानं 'कोकण अमृता' आणि 'कोकण हातीस' या जाती काढल्या आणि कलमांवर भर दिला. तरीही बांधावरची, परसातली, आपसूक उगवलेली झाडंच जास्त दिसतात. हापूसची जशी बाग असते, तशी कोकमाची बाग अपवादानंच.

२०१६ मध्ये सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं. पण मानांकन म्हणजे भावाची हमी नव्हे. ते नाव वापरायचं तर शेतकऱ्याला किंवा प्रक्रिया करणाऱ्याला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते, आणि गिऱ्हाइकानं त्या नावासाठी चार पैसे जास्त मोजायला हवेत. यातली दुसरी अट कुठल्याही सरकारी कचेरीत पूर्ण होत नाही. ती पूर्ण होते बाजारात, आणि तिथेच कार्डोझ यांच्यासारख्या माणसाचा उपयोग असतो : आपण काय खातोय आणि ते कुठून आलंय, हे विचारायची सवय खाणाऱ्याला लावणं. एका उपम्यानं ते होत नाही. 'टेबला'ची बारा वर्षं आणि नंतरचं मुंबईतलं काम धरलं, तर थोडं थोडं होतं. कोकमाची तारीफ करणारी रेस्टॉरंटं मुंबईत आज दहा वर्षांपूर्वीपेक्षा जास्त आहेत; पण झाडावर चढणारा गडी अजूनही मिळत नाही.

कमला मिल्सच्या जागेवर आधी कोण जेवायचं?

'द बॉम्बे कँटीन' जिथे आहे, तो गिरणगाव. त्या गिरण्यांत काम करणाऱ्यांचा एक मोठा हिस्सा कोकणातला होता. बायकापोरं गावी, पुरुष दहा-बाय-दहाच्या खोलीत पाळीपाळीनं झोपणारे, आणि जेवण खानावळीत. या खानावळी चालवणाऱ्या बायका महिन्याच्या हिशेबावर डझन-दोन डझन माणसांना दोन वेळ जेवू घालायच्या. पगार झाला की पैसे, तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी, त्याही गोव्यातल्याच, 'अन्नपूर्णा महिला मंडळ' उभं केलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. गिरणी कामगारांच्या संपानं १९८२ नंतर गिरणगाव मोडलं, गिऱ्हाईक गावी परतलं किंवा देशोधडीला लागलं. मंडळानं मग डबे, केटरिंग असे मार्ग शोधले.

मालवणी जेवण मुंबईत रुजवलं ते या बायकांनी. त्यांच्यापैकी कुणालाही सोनेरी कोट मिळाला नाही, आणि त्यांची नावंही फार कुणाला ठाऊक नाहीत. त्याच गिरणगावात, गिरणीच्या आवारात, टीव्ही स्पर्धेच्या विजेत्याचं रेस्टॉरंट यावं आणि त्याचं नाव 'कँटीन' असावं, यात कार्डोझ यांचा काही दोष नाही. उलट घरच्या जेवणाला मोठ्या टेबलावर मान मिळावा म्हणूनच ते आयुष्यभर झटले. पण टीव्ही विजेत्याच्या यशाकडे पाहताना या आधीच्या पिढीचा हिशेब मांडायला हवा. चव त्यांनी टिकवली, तीही उधारीवर.

मालवणातून कुणी जिंकलं, तर ताटात मासा कुठला असेल?

सिंधुदुर्ग हा १९९७ मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. तारकर्ली, देवबाग, मालवणला येणारा पर्यटक किल्ला आणि स्कुबा डायव्हिंगइतकाच थाळीसाठी येतो. घरातल्याच दोन खोल्या देऊन, मागच्या पडवीत खानावळ चालवणारी शेकडो कुटुंबं त्यावर जगतात. उद्या यांच्यातलीच कुणी काकी टीव्हीवर जिंकली, तर पुढच्या मे महिन्यात तिच्या दारात गाड्यांची रांग लागेल, यात शंका नाही.

रांग लागल्यावर प्रश्न येईल माशाचा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, ते योग्यच आहे. पण उरलेल्या दहा महिन्यांतही पारंपरिक रापणकर आणि छोट्या होड्यांचे मच्छीमार वर्षानुवर्षं एकच गाऱ्हाणं मांडतात : पर्ससीन जाळी थवेच्या थवे उचलून नेतात, आणि प्रखर एलईडी दिव्यांखाली मासळी गोळा करून मारली जाते. राज्यानं फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आणले, केंद्रानं २०१७ मध्ये एलईडी मासेमारीवर बंदी घातली, २०२१ मध्ये राज्याचा १९८१ चा सागरी मासेमारी कायदा कडक झाला. तरीही मालवणच्या बंदरावर हा वाद मिटलेला नाही. पापलेटची पिल्लं वाढण्याआधीच जाळ्यात येतात, म्हणून २०२३ मध्ये चंदेरी पापलेटला, मालवणच्या सरंग्याला, 'राज्य मासा' घोषित करावं लागलं.

थाळीला मागणी वाढली आणि गावच्या होडीत मासळी कमी आली, तर फरक भरून काढतो बर्फातला, बाहेरच्या राज्यातून ट्रकनं आलेला मासा. पाटी मालवणीच राहते. पर्यटकाला कळत नाही. करणाऱ्या बाईला कळतं. भाव तर वाढलेला असतोच, आणि वाढलेल्या भावातला मोठा वाटा व्यापाऱ्याकडे गेलेला असतो.

कार्डोझ गेल्यानंतर त्यांच्या पत्नी बरखा यांनी न्यू यॉर्कमधल्या एका मसाला कंपनीबरोबर त्यांच्या नावाचे मसाले बाजारात आणले. त्या कंपनीचा धंदा शेतकऱ्यांकडून थेट मसाले घेण्याचा, आणि माल कुठून आला हे सांगून विकण्याचा. कुडाळ, कणकवली, वेंगुर्ल्यातले बचत गट मे महिन्यात मालवणी मसाला कुटून, सोलं वाळवून, आगळाच्या बाटल्या भरून ठेवतात. त्यातल्या बऱ्याच बाटल्यांवर आजही फक्त 'कोकम आगळ' एवढंच लिहिलेलं असतं. गावाचं नाव नाही, झाडाचं नाही, करणारणीचंही नाही.